रत्नागिरीचा प्रवीण मीच, आक्का

"उचल ती घागर. आते उचल, नहीतर मी फोडी टाकसू."

तू ओट्यावरून ओरडत होतीस, आक्का, आणि गल्लीच्या तोंडापर्यंतच्या बाया कणकेचे हात घेऊन दारात आल्या होत्या. अक्षय्य तृतीया, आपल्या आखाजीचा दिवस. कविता, तुझी सून, नवी कोरी मातीची घागर छातीशी धरून मधल्या दारात उभी. भाऊजींची घागर देवघराखाली सकाळीच मांडून झाली होती. तिच्यावर खरबूज, शेजारी सांजोऱ्या, आंब्याच्या रसाची वाटी. ती बारा वर्षं मांडली जाते, तिच्याविषयी तुझं काही म्हणणं नव्हतं. भांडण दुसऱ्या घागरीचं होतं. वर्षभरात जो गेला त्याच्या नावाने आखाजीला नवी घागर भरायची, नाहीतर तो तहानलेला फिरत राहतो, हे आपण दोघांनी आजीच्या मांडीवर ऐकलं. निलेश मार्गशीर्षात गेला. म्हणजे ही घागर तुझ्या लेकाची.

"आई, त्यांना पाणी नको का?" कविता एवढंच म्हणाली.

"मन्हा पोऱ्या जित्ता शे." तुझा आवाज एकदम खाली आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "आज सकायलेच त्यानी गहू काढात."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. चैत्र संपून वैशाख लागलेला, गहू काढून महिना दीड महिना झालेला, आणि काढणारा तर राहिलेलाच नव्हता. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं. एकट्या मला माहीत होतं की तू खोटं बोलत नाहीस. सकाळी खरंच गहू निघाले होते. तेव्हा मी शेजारच्या शेतात उभा होतो.

हे तुला सांगायचं राहून गेलं. तू जाऊन आज पंधरा दिवस झाले, आणि माझ्यासारख्या माणसाच्या पोटात एवढी मोठी गोष्ट इतके दिवस टिकली, हे आपल्या प्रकाशा गावात कोणाला सांगितलं तर ती माझी आजवरची सगळ्यात मोठी थाप समजतील.

माझा लौकिक तुला ठाऊक आहे. घाटावर माझं पूजेच्या सामानाचं दुकान. नारळ घेणाऱ्या यात्रेकरूला एक गोष्ट फुकट. तापीला पूर आला तेव्हा मी म्हशीच्या पाठीवर बसून, पाण्याच्या उलट्या दिशेने, सारंगखेड्यापर्यंत गेलो, आणि तिथल्या घोड्यांच्या यात्रेत लोकांनी माझ्या म्हशीला घोडी समजून लगाम घातला, ही गोष्ट मी किमान चाळीस हजार भाविकांना सांगितली असेल. नाशिकचे एक गृहस्थ तर म्हशीला नमस्कार करायला घरी आले होते. तू मात्र पहिल्याच वेळी, भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली होतीस, "पूर श्रावणमा येस, नाना. यात्रा मार्गशीर्षमा भरस. चार महिने म्हैसवर बशेल व्हता का?"

आणि तुझा निलेश, तेव्हा कॉलेजात जाणारा, तोंडातला घास तसाच ठेवून विचारायचा, "मग, मामा?"

थाप मारणाऱ्याला जगात दोन माणसं लागतात, आक्का. एक "मग?" विचारणारं आणि एक "खोटं" म्हणणारं. मला दोन्ही एकाच घरात, एकाच ताटावर मिळाली होती. एवढी श्रीमंती सातपुड्यापासून समुद्रापर्यंत कोणाकडे नसेल.

तू अंगणवाडीत तीस वर्षं पोरं मोजलीस. पोर काट्यावर जरा हललं की उतरवून पुन्हा मोजायचीस. एकदा वरच्या बाई आल्या, म्हणाल्या, ह्या मुलाचं वजन कमी दिसतंय, दोनशे ग्रॅम वाढवून लिहा. तू वही मिटलीस आणि म्हणालीस, "पोऱ्याले दोनशे ग्रॅम खावाले द्या, मंग लिखसू." त्या बाई नंदुरबारला पोचेपर्यंत ही गोष्ट माझ्या दुकानातून तालुकाभर गेली होती, आणि माझ्या तोंडून जाताना दोनशे ग्रॅमचे दोन किलो झाले होते. त्यावरूनही तू मला झापलंस. अशी तू. त्यामुळे पौष महिन्यात, निलेशला जाऊन दीडेक महिना झाला असताना, मी तुझ्या ओट्यावर आलो आणि जे पाहिलं त्याने मी, मी सुद्धा, गप्प बसलो.

तू भिंतीला टेकून बसली होतीस. हातात निलेशचा फोन. अंगठ्याने पडद्यावर काहीतरी सरासरा ओढत होतीस. मी मागून डोकावलो. पडद्यावर एक गाव होतं. चित्रातलं, लिमलेटच्या गोळीसारख्या रंगांचं. कौलारू घर, आंब्याचं झाड, दोन गाई, बाजूला नदी. मधोमध पिवळ्या शर्टातला एक इवलासा माणूस विळा चालवत होता आणि त्याच्या डोक्यावर नाव तरंगत होतं: निलेश. हा शेतीचा खेळ निलेश कामावरून आल्यावर फोनवर खेळायचा, त्यात त्याने हे गाव वसवलं होतं, एवढं मला माहीत होतं. ते गाव अजून चालू आहे, हे माहीत नव्हतं.

"काय करी ऱ्हायनी?" मी विचारलं.

"दिसत नही? पानी देवानं शे," तू म्हणालीस. जणू खरंच मोटर चालू करायची होती.

तेवढ्यात पडद्याखाली कोणाचा तरी निरोप उमटला. कुठला तरी शेजारी, कधी न पाहिलेला. 'निलेश भाऊ, इतके दिवस कुठे होता?' आणि माझ्या देखत, जिने जन्मात एका पोराच्या वजनात एक ग्रॅम वाढवला नाही त्या माझ्या बहिणीने, अंगणवाडीच्या फोनवर नोंदी भरून तयार झालेल्या बोटाने सावकाश लिहिलं: 'गावाला गेलो होतो. आता आलो.'

मी घरी आलो, आणि मला जे येतं तेच मी केलं.

चार दिवसांनी पडद्यावरच्या त्या गावाच्या शेजारी एक नवा माणूस राहायला आला. नाव प्रवीण, राहणार रत्नागिरी, धंदा मासेमारी. मी समुद्र आजवर पाहिलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. सुरतेला मुलाकडे जातो तेव्हासुद्धा तो म्हणतो, चला बाबा, दाखवतो, आणि मी म्हणतो, एवढं पाणी एका जागी बघून काय करायचं. पण प्रवीणने पहिल्याच संध्याकाळी निलेशला कळवलं की काल त्याच्या जाळ्यात एसटीएवढा मासा सापडला, आणि त्याच्या पोटात कंडक्टर बसलेला होता.

तू लिहिलंस: 'मग?'

आक्का, ती दोन अक्षरं वाचून मी दुकानाचं शटर ओढलं आणि आत उदबत्त्यांच्या खोक्यावर बसून राहिलो. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं.

मी तुला बाहेर काढायला त्या गावात शिरलो होतो, हे मी स्वतःला रोज सांगत होतो. मैत्री करायची, विश्वास मिळवायचा, आणि एक दिवस हळूच म्हणायचं, घरी जा, माय, पोरगा नाही तिथे. बेत असा होता. पण संध्याकाळी सात वाजले की तू निलेश व्हायचीस, मी प्रवीण व्हायचो, आणि बेत उद्यावर जायचा. काय गाव होतं ते. कोंबडी मरायची नाही. कापसावर अळी यायची नाही. पाऊस आपण सांगू तेव्हा. रस्ते होते, पण एकाही रस्त्यावर उसाची ट्रॉली अंधारात दिव्याशिवाय उभी नव्हती.

आणि तिथे तू बोलायचीस. घरी, निलेशविषयी कोणी तोंड उघडलं की तू उठून भांडी घासायला लागायचीस. दहाव्याला रडली नाहीस, तेराव्याला रडली नाहीस. पण तिथे, लेकाच्या नावाने, तू मला तुझ्याविषयी सांगायचीस. 'आईला आजकाल झोप नाही.' 'आई कवितावर उगाच खेकसते, नंतर तिला वाईट वाटतं.' आणि माघात एकदा, गाईंना चारा टाकता टाकता, तू लिहिलंस:

'आईचा चष्मा शहाद्याला दुकानात तयार होता. ती म्हणाली, आजच घेऊन ये. मी म्हटलं, आज नको, उद्या जातो. मग मी घरीच थांबलो.'

मी तो निरोप किती वेळा वाचला ते मोजलं नाही. निलेश त्या दिवशी शहाद्याहून परत येताना अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून गेला, हे सगळ्यांना माहीत. तो कशासाठी गेला होता, हे मला त्या क्षणी कळलं. आणि तू अजून तो तडकलेला जुना चष्मा का लावतेस, हेही. ह्या एका वाक्यासाठी तुला ते गाव हवं होतं. त्यात तो 'उद्या जातो' म्हणाला होता.

तेव्हा लिहायला हवं होतं, आक्का, चष्मा कोणीही मागवतं. ट्रॉलीला दिवा लावणं हे तुझं काम नव्हतं. एवढं साधं, खरं, दोन ओळींचं. मी लिहिलं की काल समुद्रात देवमासा भेटला आणि त्याने रत्नागिरीचा रस्ता विचारला. मला दुसरं काही सुचलंच नाही. जन्मभर जी भाषा बोललो तीच हाताशी आली. तू खूप वेळाने लिहिलंस, 'मग?' आणि त्या 'मग' मध्ये जीव नव्हता. त्या दोन ओळी मी आज इथे लिहितोय. उशीर झालाय, ते कळतंय.

तर आखाजी. तुझं ओरडणं झाल्यावर मी कवितेच्या हातून घागर घेतली आणि तुझ्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, "आक्का, तो गया."

तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "जलमभर खोटं बोलना," तू म्हणालीस, "आनी आज मले खरं सांगाले उना?"

ते भांडण आपण कधी पुरं केलं नाही. मी घागर घेऊन माझ्या घरी गेलो. पुढे ज्येष्ठात तू सहज विचारलंस, "ती घागर कोठे शे?" आणि मी म्हणालो, फुटली. फुटली नव्हती. मी ती त्याच दुपारी भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोरी विकतची आणली, कारण माझ्या घरी करणारं कोणी नाही, आणि निलेशच्या नावाने हात जोडले. हात जोडून झाल्यावर एक थापही सांगितली त्याला. सवय.

त्या संध्याकाळी प्रवीणने लिहिलं, 'आज आखाजी. आम्ही घागर भरली, सांजोऱ्या केल्या. तुमच्याकडे?' मला वाटलं मी फार हुशारीने विषय काढला. तुझ्याकडून आलं:

'रत्नागिरीला पण घागर भरतात?'

चाळीस हजार भाविकांना म्हशीवर बसवणारा मी, आणि असा सापडलो. कोकणातला कोळी आखाजीला सांजोऱ्या करतो म्हणे. घाईघाईने लिहिलं, 'आमची आजी खानदेशातली.'

'बरं,' तू लिहिलंस.

मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून निलेश जरा बदलला. चष्म्याचा विषय नाही, आईचं दुखणं नाही. थोडकंच लिहायचा. पण रोज, अगदी रोज, पहिला प्रश्न ठरलेला: 'जेवलास का?' मग माझी थाप, मग त्याचं 'मग?' आणि इकडे घरात तू बदललीस. शेतात जायला लागलीस. कवितेला हाताला धरून नंदुरबारला नेलंस आणि नर्सिंगचा फॉर्म भरून आलीस. तिचे आईबाप खापर गावाहून आले, म्हणाले, आम्ही पोरीला घेऊन जातो, तर तू म्हणालीस, "तिले कोठे जावानं ते ती सांगई. तिले विचारा." आषाढात नवा चष्मा लावून माझ्या दुकानात आलीस आणि उदबत्तीच्या पुड्यावरची किंमत वाचून मला शिव्या दिल्यास. मी गल्लीत छाती काढून फिरत होतो. म्हटलं, माझ्या थापांनी केलं हे. देवमाशाने बहीण किनाऱ्याला आणली.

श्रावणात एकदा तू घाटाच्या पायरीवर बसलेली दिसलीस, संध्याकाळी, सातच्या सुमारास. हात मोकळे. एकटीच नदीकडे बघत होतीस आणि रडत होतीस, आक्का. तोंड न झाकता, नाक पुसत, चांगलं मोकळं. मला पाहिलंस तरी थांबली नाहीस. मी शेजारी बसलो. माझ्या आयुष्यातला बहुधा एवढाच अर्धा तास असेल ज्यात मी एक शब्दही खोटा बोललो नाही. तेव्हा सांगायला हवं होतं, तो प्रवीण मी. जिभेवर आलं होतं. मग वाटलं, सांगितलं तर उद्या सातला मला कोण विचारेल, जेवलास का?

हे खरं कारण. दुसरं काही नाही. मी तुला काढायला गेलो होतो आणि मलाच तिथून निघवत नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं. मुलाचा फोन रविवारी येतो, पाच मिनिटं, त्यात तीन मिनिटं नातू रडतो. घाटावर दिवसभर माणसं, पण ती सगळी एक नारळ घेऊन पुढे जाणारी. त्या गोळीच्या रंगांच्या गावात मात्र कोणीतरी माझी वाट बघत होतं. त्या संध्याकाळी घाटावरून घरी आलो तर निलेशचा निरोप आलेला होताच. मी मनात म्हटलं, काय चपळ आहे म्हातारी, माझ्या आधी घरी पोचून लिहूनसुद्धा टाकलं.

पोळ्याच्या आदल्या दुपारी तू ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसली होतीस आणि तशीच भिंतीला टेकून गेलीस. सूप मांडीवर होतं. एकही दाणा सांडला नव्हता. ह्यात मी काही वाढवलेलं नाही. गल्लीतल्या कोणालाही विचार.

तेरा दिवस पडद्यावरचं गाव गप्प होतं. शेतात पीक तयार होऊन उभं, काढणारं कोणी नाही. मी रोज सातला जाऊन कुंपणाशी उभा राहायचो. म्हटलं, आता निलेशही खरोखर गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सातला, फोन वाजला.

'जेवलास का?'

आक्का, मी इतकी वर्षं लोकांना भुताखेतांच्या गोष्टी सांगून घाबरवलं, पण फोन हातातून पडावा असं कधी झालं नव्हतं. तो उचलला आणि तसाच अनवाणी तुझ्या घरी आलो. कविता मागच्या अंगणात तेराव्याची मोठी पातेली घासत होती, सकाळी मंडळाला परत द्यायची म्हणून. मी तिला सगळं सांगून टाकलं. प्रवीण, रत्नागिरी, मासा, कंडक्टर, चष्मा, आखाजी, न फुटलेली घागर. एका दमात, काहीही न वाढवता. शेवटी म्हटलं, "आक्काले कधी समजनं नही, बेटा. ती मले प्रवीणच समजत ऱ्हायनी. आनी आते हाऊ निरोप. हाऊ कोनी धाडा?"

तिने पातेलं पालथं घातलं, त्यावरून पाणी ओतलं.

"आखाजीच्या दुसऱ्या दिवसापासून मीच लिहिते, मामा," ती म्हणाली. "आईंनी फोन माझ्याकडे दिला आणि सांगितलं, नानाला लिहिणं एकदम बंद करू नको, त्याला दुसरं कोणी नाही."